आठव्या गाण्यातली बाई

अण्णा माझ्या स्कूटरवर मागं बसायचे, पण उलटे. माझं तोंड कराडकडं असलं की त्यांचं सांगलीकडं. माझी पाठ त्यांच्या पाठीला टेकलेली आणि त्यांच्या मांडीवर घोंगडीत गुंडाळलेला व्हिडिओ कॅमेरा. पहिल्यांदा ते असे बसले तेव्हा मी म्हणालो, अण्णा, लोक हसतायत. ते म्हणाले, मला दिसतायत की, तुमाला कुठं दिसतायत?

उंब्रजला एकदा हायवेवर पोलिसानं आम्हाला अडवलं. त्यानं दोघांकडं बराच वेळ पाहिलं. हा गुन्हा कुठल्या कलमात बसतो ते त्याला काही आठवेना. शेवटी तो अण्णांना म्हणाला, नीट बसा की ओ. अण्णा शांतपणे म्हणाले, "साहेब, मी नीटच बसलोय. गाडी उलटी चाललीया." पोलिसानं मला एकट्याला दम भरला आणि सोडून दिलं. अण्णांबरोबर हिंडताना हे नेहमीचंच होतं. करायचं त्यांनी आणि ऐकून घ्यायचं मी.

उलटं बसण्याचं कारण मी पुष्कळदा विचारलं. आपण जिकडं चाललोय ते पोचल्यावर दिसणारच आहे, जे सुटत चाललंय ते आत्ताच बघून घेतलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. ते जतच्याही पलीकडच्या कोरड्या मुलखातले. घरात पिढ्यान्पिढ्या मेंढरं. पावसाळा संपला की मेंढरं घेऊन कृष्णेच्या काठानं हिंडायचं आणि उन्हाळा सरताना परत फिरायचं. अण्णा मात्र उंब्रजजवळच्या एका गावात एका गुरुजींच्या घरी राहून शिकले, मग फोटोग्राफरच्या हाताखाली राहिले आणि पुढं सांगलीत लग्नाचं शूटिंग करायला लागले. कॅमेऱ्याची कातडी पिशवी त्यांनी पहिल्याच दिवशी कुणाला तरी देऊन टाकली होती. घोंगडीत ऊन लागत नाही, पाणी लागत नाही आणि चोराला कळत नाही, असं म्हणायचे.

मी तेव्हा सांगलीत पाटबंधारे खात्यात कारकून होतो. दिवसा कालव्याच्या फायली आणि घरी आलो की गाणी. माझी गाणी म्हणजे काय, हे आता सांगायला हरकत नाही. चांदणं, पैंजण, अंगण आणि साजणी हे चार शब्द घ्यायचे, पत्त्यांसारखे पिसायचे आणि पुन्हा वाटायचे. पण तेव्हा मला ती फार थोर वाटत. ऑफिसात मला कवी म्हणत. ते चेष्टेनं म्हणतात हे कळायला मला बरीच वर्षं लागली. अण्णा मला कविराज म्हणत, आणि ती चेष्टा आहे हे मात्र मला पहिल्या दिवशीच कळलं होतं.

आमची दोघांची गाठ घातली ती शेठनी. शेठ म्हणजे हळदीचे व्यापारी. नव्वदच्या आसपास कॅसेटचा धंदा तेजीत आला तेव्हा त्यांनी पेढीच्या मागच्या खोलीत कॅसेट कंपनी काढली. एका भिंतीला हळदीची पोती आणि समोरच्या भिंतीला कॅसेटींचे खोके. वेष्टण फोडलं की बोटं पिवळी व्हायची. शुभ असतं म्हणायचे शेठ. पुढं गावात केबल आली. दुपारच्या वेळी केबलवाल्यांना दाखवायला काहीतरी हवं होतं, म्हणून शेठनी गाण्यांचे व्हिडिओ करायचं मनावर घेतलं. आठ गाणी, आठही माझी. दर महिन्याला एक गाणं केबलवर दाखवायचं आणि आठवं झालं की सगळ्यांची मिळून व्हिडिओ कॅसेट काढायची. कव्हरवर गीतकार म्हणून माझं नाव मोठ्या अक्षरात येणार होतं. त्या कव्हरसाठी मी फोटोही काढून ठेवला होता, हनुवटीला हात लावून.

व्हिडिओ करायला अण्णा. ते कसे मिळाले याचीही एक कथा आहे. शेठच्या भाचीच्या लग्नाचं शूटिंग त्यांनी केलं होतं. अक्षता, हार, सप्तपदी सगळं ठीक. मग मुलगी सासरी निघाली. मोटार सुटली, आणि अण्णांनी कॅमेरा बंदच केला नाही. मोटार सरळ रस्त्यानं लहान होत गेली, वळली, दिसेनाशी झाली, धुरळा खाली बसला, एक सायकलवाला आला आणि गेला, तरी कॅमेरा चालूच. अकरा मिनिटं नुसता रस्ता. घरातले सगळे चिडले, कॅसेट वाया घालवली म्हणाले. पण मुलीची आई रोज दुपारी कामं आवरून तेवढाच भाग लावून बसायची. अक्षता-सप्तपदी तिनं परत कधी पाहिली नाही. शेठना ही गोष्ट बहिणीकडून कळली आणि ते म्हणाले, ह्या माणसात काहीतरी आहे किंवा काहीच नाही, एकदा बघायला पाहिजे.

आमचं पहिलंच गाणं चंद्रावर होतं. कृष्णेच्या घाटावर नायक-नायिका, वर पौर्णिमा, असं मी सगळं कागदावर लिहून दिलं होतं. अण्णांनी कागद वाचला, घडी करून टोपीत ठेवला आणि शूटिंग केलं एका सायकल-पंक्चरच्या दुकानात. ध्रुवपद चालू आहे आणि पडद्यावर पंक्चरवाला पाण्याच्या लोखंडी पाटीत ट्यूब बुडवून बुडबुडे शोधतोय. पाटी गोल, त्यात आभाळ, त्यात एकेक बुडबुडा वर येऊन फुटतोय. नायक-नायिका नंतर घाटावर दिसतात, पण तोवर सगळ्यांचं लक्ष बुडबुड्यांत गेलेलं. मी तणतणत त्यांच्या खोलीवर गेलो आणि म्हणालो, अण्णा, माझा चंद्र कुठाय?

"गाण्यात ऐकू येतोय की," ते म्हणाले. "ऐकू येतंय ते परत दाखवायचं कशाला? मग माणसाला दोन दोन अवयव कशाला दिल्यात?"

 

सांगलीत तेव्हा एका कॉलेजच्या हॉलमध्ये महिन्यातून एका रविवारी परदेशी सिनेमे दाखवत. वीस-पंचवीस माणसं यायची. त्यांत प्राध्यापक, डॉक्टर, एक-दोन वकील आणि पहिल्या रांगेत चपला काढून खुर्चीवर मांडी घातलेले अण्णा. त्या सिनेमांत खाली इंग्रजी अक्षरं यायची. अण्णांचं इंग्रजी दुकानांच्या पाट्यांपुरतंच होतं. म्हणून मी मोठ्या मनानं त्यांच्या शेजारी बसून अर्थ सांगायला लागलो, तर ते हात जोडून म्हणाले, कविराज, वाचू नका, तुमी वाचाय लागला की मला दिसायचं बंद हुतंय. मग सिनेमा सुटल्यावर चहा पिताना ते मला गोष्ट सांगत. एका सिनेमात बर्फातून एक माणूस पाठीवर लाकडी दार घेऊन चाललेला होता. खाली आलेल्या अक्षरांप्रमाणं त्यानं ते चोरलेलं होतं. अण्णांच्या मते त्याच्या पोरीला दिलेल्या घराला दारच नव्हतं, म्हणून बाप आपल्या घराचं दार काढून तिला द्यायला निघाला होता. त्या सिनेमाची खरी गोष्ट मी आता पार विसरलो आहे. अण्णांची लक्षात आहे.

महिन्याभरानं ते दार आमच्या तिसऱ्या गाण्यात आलं. हळद वाळत घातलेल्या पिवळ्याधमक अंगणात नायिका पैंजण वाजवत फिरते आणि तिच्या मागून एक माणूस डोक्यावर दार घेऊन शांतपणे निघून जातो. शेठनी विचारलं, दाराचा काय संबंध? अण्णा म्हणाले, गाणं हाय शेठ, गाण्यात कोण इचारतंय? आणि खरंच कुणी विचारलं नाही. हे अण्णांचं आवडतं मत होतं. सिनेमात माणूस दिसला की लोक लगेच विचारतात, हा कोण, कुठला, कशाला आला. गाण्यात चार मिनिटं काहीही आलं तरी लोक बघून घेतात. म्हणून ज्याला खरा सिनेमा करायचाय त्यानं गाण्यात जावं, असं ते सांगायचे. त्यांचं हे बोलणं मी तेव्हा नुसतं कानावरून जाऊ दिलं.

त्यानंतर तीन-चार महिन्यांनी मी ऑफिसच्या कामानं कडेगावला गेलो होतो. आमची सहा गाणी तोवर केबलवर लागून गेली होती. स्टँडसमोर चहा पीत असताना बरोबरच्या शिपायानं मला कवी म्हणून हाक मारली, तेव्हापासून हॉटेलवाला माझ्याकडं टक लावून बघत होता. मग जवळ येऊन म्हणाला, "आवं, ती गाणी तुमीच लिवताय व्हय?" मी कप खाली ठेवला. इतक्या लांब कुणी ओळखलं म्हणजे चेष्टा नव्हे. मी जमेल तेवढ्या नम्रपणे हो म्हणालो. तो म्हणाला, "मग त्या बाईचं म्होरं काय हुतं ते सांगा की. घरात रोज भांडणं चालल्यात."

मी म्हणालो, कुठली बाई? यावर तो हसला. आत बायकोला हाक मारून म्हणाला, हे सांगत न्हाईत बघ, पक्के हायत. त्यानं माझ्याकडून चहाचे पैसेही घेतले नाहीत, आणि मला ती बाई कोण याचा पत्ता नव्हता.

सांगलीला परतलो तो तडक अण्णांच्या खोलीवर. सगळ्या कॅसेटी एकामागून एक लावायला लावल्या. आणि मग ती मला दिसली. पहिल्या गाण्यात घाटाच्या पार टोकाला हिरव्या लुगड्यातली एक बाई, डोक्यावर गठुडं, पायऱ्या चढून जाते. जेमतेम तीन सेकंद. दुसऱ्यात कडेगावच्या उसातून, तिसऱ्यात दारवाल्या माणसाच्याही मागं कुंपणापलीकडून, चौथ्यात वाईच्या घाटावर, पाचव्यात साताऱ्याच्या किल्ल्याखालच्या रस्त्यानं, सहाव्यात उंब्रजच्या हायवेच्या कडेनं. दर गाण्यात थोडी जास्त वेळ. नेहमी पाठमोरी, नेहमी दूर जात असलेली. चेहरा एकदाही नाही. तिचे तुकडे सलग लावून पाहिले तर गाण्यांत काही राहत नव्हतं आणि तिचा मात्र अख्खा प्रवास तयार होत होता.

मला राग आला, आणि तो का आला हेही सांगून टाकतो. लोक माझ्या शब्दांसाठी गाणी बघत नव्हते. मी अण्णांना वाट्टेल ते बोललो. माझ्या गाण्यात मला न विचारता बाई घातली, शेठच्या खर्चात स्वतःचा सिनेमा काढला, ही चोरी आहे, असं सगळं. अण्णांनी चहा निवू दिला. ते नेहमी गार चहाच प्यायचे. मग म्हणाले, "कविराज, आमी मेंढरं दुसऱ्याच्या रानात बसवतो. चार राती मेंढरं बसली की रानाला खत मिळतंय आन् आमाला दाणं. ह्यात चोरी कुणाची? तुमचं गाणं म्हंजे रान हाय. माझी चार मेंढरं तितं बसली, म्हणून तर यंदा पीक आलंय."

मी उठून घरी गेलो. दोन दिवस धुमसलो आणि तिसऱ्या दिवशी मनाशी कबूल केलं की ते म्हणतात ते खरं आहे.

ती बाई म्हणजे शनिवारच्या बाजारात मेथी विकणारी एक भाजीवाली होती. अण्णांनी महिनाभर घाटावर बसून बायकांची चाल पाहिली होती आणि त्यातून तिला निवडली होती. हिच्या चालण्यात कुठं थांबायचंय ते ठरलेलं नसतंय, म्हणायचे. गाणी गाजल्यावर तिची मोठी पंचाईत झाली. समोरून कुणीच ओळखेना. जरा वळून मेथीच्या जुड्या उचलायला लागली की मागून बायका ओरडायच्या, अगं बया, ही तीच की. ती अण्णांवर फुरंगटून असायची. एकदा तरी तोंड दाखवा म्हणायची.

तोच हट्ट शेठनीही धरला. आधी ते बाईवरून भडकले होते, पण मग विट्यापासून वाळव्यापर्यंतची पत्रं यायला लागली आणि ते विरघळले. बाईसाठी लोक कॅसेट घेणार हे त्यांना लगेच कळलं. सातवं गाणं झालं तेव्हा त्यांनी आम्हा दोघांना पेढीवर बोलावून स्पष्ट सांगितलं. आठव्या गाण्यात बाई वळली पाहिजे. तिनं मागं बघितलं पाहिजे आणि चेहरा दिसला पाहिजे. चेहऱ्यापुरती कोल्हापूरहून एक नटी आणू. महिन्याच्या आत झालं नाही तर कॅसेट निघणार नाही, आहे तेवढं गुंडाळून टाकू.

मला ते पटलं होतं. माझं नाव, माझा हनुवटीला हात लावलेला फोटो, सगळं त्या वळण्यावर अडकलं होतं. अण्णा मात्र हो म्हणेनात आणि नाही म्हणेनात. महिना संपत आला. रोज ते कॅमेरा घेऊन निघायचे आणि काही न घेता परत यायचे. भाजीवाली दोनदा हिरवं लुगडं नेसून तयार होऊन बसली आणि दोनदा परत गेली. मी विचारलं की म्हणायचे, वळंल का न वळंल तेच कळंना झालंय. मी म्हणालो, अहो, तुम्ही सांगाल तशी वळेल ती, भाजीवाली आहे. यावर ते माझ्याकडं असे बघायचे की मला माझीच लाज वाटायची.

शेवटी एका दुपारी ते म्हणाले, मला उंब्रजकडं न्या. आम्ही निघालो. हायवे सोडून एका गावाच्या रस्त्याला लागलो तेव्हा त्यांनी पाठीमागून बोलायला सुरुवात केली. मला त्यांचं तोंड दिसत नव्हतं आणि त्यांना माझं. मला वाटतं, म्हणूनच ते बोलू शकले.

ते पाच-सहा वर्षांचे होते. मेंढरं दर वर्षी ह्या गावातल्या गुरुजींच्या रानात बसायची. गुरुजी म्हणाले, हा पोरगा हुशार आहे, ठेवा माझ्याकडं, शाळेत घालतो. एके दिवशी अण्णांना झोपेतच उचलून गुरुजींच्या घरी आणलं. जाग आली तर परकं घर. धावत दारात आले, तर रस्त्याच्या पार टोकाला हिरव्या लुगड्यातली आई चाललेली. गुरुजींची बायको म्हणाली, आई येईल हं परत, आणि हाताला धरून आत घेऊन गेली.

"तेवढीच पाठ दिसली," अण्णा म्हणाले. "म्होरं वळणावर तिनं मागं बगितलं का न्हाई ते मला ठावं न्हाई. आता शेठ म्हणत्यात, वळवा. मी कशी वळवू?"

मी स्कूटर थांबवली. पुढं तोच रस्ता होता. आता डांबरी झालेला, दोन्ही बाजूला ऊस. मी विचारलं, आई कुठं असतात? गावाकडं, ते म्हणाले. दर वर्षी भेटायची, अजून भेटते, सणाला जातोच की. मग तुम्ही कधी विचारलं नाही?  अण्णा म्हणाले, असं काय इचारत्यात व्हय आईला?

विचारतात, मी म्हणालो. आणि माझ्या उभ्या आयुष्यात मी अण्णांना दिलेला हा एकच सल्ला त्यांनी ऐकला.

रविवारी आम्ही एस.टी.नं निघालो. कॅमेरा, स्टँड आणि सात गाण्यांची कॅसेट. जतच्या पुढं एका वस्तीवर त्यांच्या आईचं दोन खणांचं घर होतं. शेजारच्या बागायतदाराचा टीव्ही आणि व्हिडिओ उचलून आणला. सकाळचे दहा-अकरा वाजलेले, वीज होती. आजी सत्तरीच्या पुढच्या, वाळलेल्या पण ताठ. कानांत जड बुगड्या. भिंतीला टेकून त्यांनी सातही गाणी पाहिली. नायिकांकडं त्यांनी लक्षच दिलं नाही. ते दार घेऊन जाणारा माणूस त्यांना फार आवडला. हिरव्या लुगड्यातली बाई आली की मात्र त्या चुळबुळ करायच्या. शेवटी म्हणाल्या, "ही कोण रं? हिला घरदार हाय का न्हाई? नुसतीच चालतीया."

"ती तू हायस," अण्णा म्हणाले.

आजींनी आधी टीव्हीकडं पाहिलं आणि मग मुलाकडं. अण्णांनी मान खाली घालून सगळं सांगितलं. गुरुजींचं दार, रस्ता, हिरवं लुगडं. सांगताना त्यांचा आवाज पाच-सहा वर्षांच्या मुलासारखाच झाला होता. आणि मग त्यांनी विचारलं, "वळणावर तू मागं बगितलं व्हतंस का?"

आजी म्हणाल्या, "ती मी न्हवंच."

अण्णांनी मान वर केली.

"तुला पोचवाय तुजी आत्या आलती. तिचं बी लुगडं हिरवंच हुतं. मी घोड्यावर बिऱ्हाड घिऊन म्होरल्या तळावर गेलते. तुज्या बानंच मला पहाटं म्होरं धाडलं. त्येला ठावं हुतं, मी आले तर तुला सोडायची न्हाई. तुला घिऊन माघारी यिन." मग त्या म्हणाल्या, "आन् खरंच आले आस्ते."

मेंढरांच्या तळाची ही जुनीच पद्धत. पुरुष मेंढरं घेऊन रानारानानं येतात आणि बायका घोड्यांवर सामान लादून पुढं जाऊन चूल मांडतात. अण्णांना ती माझ्यापेक्षा हजारपट ठाऊक होती. पण आपली गोष्ट त्या पद्धतीला लावून पाहायचं त्यांना चाळीस वर्षांत सुचलं नव्हतं.

ते उठून अंगणात गेले. बाभळीखाली पाठ करून उभे राहिले. मी मागं गेलो नाही. थोड्या वेळानं आले, आईसमोर बसले आणि म्हणाले, "मग तितं तू काय करत हुतीस?"

"काय करणार? भाकरी थापत हुते. तुज्या वाटची बी थापली, हाताला सवय हुती. तीन दिस ती फडक्यात बांदून हिंडवली. मग कुत्र्याला घातली."

अण्णा हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईतो हसले. आजीही हसल्या. मला मात्र रडू आलं, आणि ते लपवायला मी टीव्हीच्या वायरी गुंडाळत बसलो. जेवायची वेळ झालीच होती. आजींनी चूल पेटवली आणि परातीत पीठ घेतलं. अण्णांनी डोळे पुसले आणि मला म्हणाले, कविराज, स्टँड आणा.

आठवं गाणं शेठनी पेढीवरच पाहिलं. नटी नाही, वळणं नाही. सुरुवातीला भाजीवाली हायवेच्या कडेनं चालत जाते आणि वळणाआड जाते, आणि मग एकदम समोर चूल.  संपल्यावर शेठ परत लावा म्हणाले, आणि परत संपल्यावर दिवाणजींना सांगून कॉपी काढायला पाठवलं. कव्हरवर माझा फोटो आला, पण छपाईत हनुवटी कापली गेली आणि नुसता हात राहिला. महिन्याभरानं मी कडेगावला गेलो तर हॉटेलवाल्यानं आपणहून सांगितलं, आमच्या घरातली भांडणं मिटली, पोचली म्हणायची बाई.

ती कॅसेट माझ्याकडं अजून आहे. त्या गाण्यात एक म्हातारी कॅमेऱ्यासमोर बसून भाकरी थापते. पुरी तीन मिनिटं, मध्ये कुठं तोडलेलं नाही. चेहरा स्पष्ट दिसतो, बुगड्या हलताना दिसतात. भाकरी फुगते, म्हातारी ती तव्यावरून काढते, फुंकर घालते आणि सरळ कॅमेऱ्याकडं धरते. ओठ हलतात, घे म्हणते, पण वर गाणं चालू असल्यानं ते ऐकू येत नाही. क्षणभर काहीच होत नाही. मग कॅमेऱ्याच्या बाजूनं अण्णांचा हात पडद्यावर येतो आणि ती भाकरी घेतो. तिथं माझ्या गाण्याचा दुसरा अंतरा आहे. त्यात मी काय लिहिलं होतं, ते मला एकदाही ऐकू आलेलं नाही.